बंदुकीचं लायसन आहे ना, मंग विम्याचंही पाहून घ्या भौ

पीक राखाले ज्यायच्याजवळ लायसनची बंदूक आहे त्या कास्तकारायसाठी लिहून राह्यलो. मोटरसायकलले थर्ड पार्टी इन्शुरन्स लागतेच, १९८८ चा मोटार वाहन कायदा तसं सांगते, पण बंदुकीले आपल्या देशात अशी सक्ती नाही. अमेरिकेत सॅन होजे शहरानं २०२३ पासून केली, अन् आपल्याकडंही व्हावी असं मले मनापासून वाटते, कारण जागलीच्या रात्री तुरीत काय हाललं ते दिसत नाही, छर्रा पांगते, अन् बाजूच्या वावरात बॅटरी बंद करून बसलेला माणूस जखमी झाला तं दवाखान्याचे पैसे कोण भरन?

तं एजंटले घराच्या पॅकेज पॉलिसीत पब्लिक लायबिलिटीचा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याले इजा झाली तं भरपाई देणारा, भाग मागा. नुसतं 'हो हो भेटते' म्हणला म्हणून सही करू नका, काय काय वगळलं ते पान काढून वाचा, तिथं बंदूक असन तं पैसे भरूच नका, अन् वावरातला अपघात धरतात का फक्त घराच्या आवारातला हे कंपनीकडून लेखी घ्या. मुद्दाम मारलेला बार कोणताच विमा भरत नाही. लायसन संपलं असन तरी क्लेम अडकू शकते, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं लायसनची मुदत ५ वर्षं झाली तरी तारीख लिहून ठेवा. डुकराले माराची वनखात्याची परवानगी हा वेगळाच कागद आहे.

अन् घरी आल्यावर पयले काडतूस काढा, बंदूक अन् काडतुसं वेगवेगळ्या कुलपात, किल्ली लेकरायच्या हाताले लागन अशी खुंटीवर ठेवू नका.