शरद ऋतू संपताना समुद्रकिनारी पक्षी-प्राणी बघायला जाताय? आधी भरती-ओहोटी बघा

बहुतेक जण सकाळ बरी म्हणून सकाळीच जातात आणि पाणी पार काठाला आलेलं बघून रिकामे परततात. घड्याळापेक्षा भरतीचं टाइमटेबल बघा. भरती उतरायला लागल्यावर साधारण दोन तासांनी पोचलात तर ओला चिखल, वाळू नुकती उघडी पडत असते आणि पक्षी खायला तुटून पडलेले असतात. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सगळ्यात मोठं, तेव्हा पाणी लांबपर्यंत हटतं. पण मग पक्षीही लांब जातात, त्यामुळे दुर्बीण लागतेच. ८x४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) भरपूर झाली, आणि सूर्य पाठीमागे ठेवा नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतील.

या दिवसांत गंमत म्हणजे उत्तरेकडून आलेले स्थलांतरित पक्षी किनाऱ्यावर असतात, पण पिसांचे झगमगीत रंग उतरून बरेचसे करडे-तपकिरी झालेले, म्हणून नवीन माणूस गोंधळतो. रंग सोडा, चोच आणि चाल बघा. कर्लूची खाली वाकलेली लांब चोच खोल चिखलातला किडा काढते, चिखल्याची चोच आखूड, तो दोन पावलं धावतो, थांबतो, टिपतो. सँडरलिंग लाटेच्या मागेपुढे पळत असतो, त्याला मागचं बोटच नसतं. टर्नस्टोन नावाप्रमाणे दगड उलटतो. एकाच किनाऱ्यावर इतके जण भांडण न करता कसे जेवतात हे चोची बघितल्या की कळतं, मला तर हे बघायला तास कमी पडतो.

भरतीने टाकलेल्या शेवाळाची रेघ अजिबात सोडू नका. शेवाळ हळूच उचला, खाली उड्या मारणारे बारीक जीव दिसतील, शंख, समुद्रफेस, कधी शार्क किंवा स्केट माशाच्या अंड्याची रिकामी चामड्यासारखी पिशवी मिळते. बघून झालं की शेवाळ होतं तसं ठेवा. जेलीफिश मेलेला दिसला तरी हात नको, त्याचे डंख नंतरही लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थवा खाणं थांबवून माना वर करून बघायला लागला की तुम्ही फार जवळ आलात, तिथेच थांबा, दोन पावलं मागे या आणि शांत बसा, दहा-पंधरा मिनिटांत तेच तुमच्याकडे सरकतात. त्यांना उडवलं की मेहनतीने साठवलेली चरबी फुकट जाते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गॉडविट नावाच्या लांब चोचीच्या किनारी पक्ष्याचं एक कोवळं पिल्लू अलास्काहून ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाला सुमारे १३,५६० किलोमीटर, ११ दिवस कुठेही न थांबता उडत गेलं, एवढा प्रवास करून आलेल्या जिवाला आपण फोटोसाठी पळवायचं? कुत्रा सोबत असेल तर पट्टा बांधूनच ठेवा. सील किंवा डॉल्फिन वाळूवर पडलेला दिसला तर पाण्यात ढकलू नका, लांब राहून वन्यजीव मदत केंद्राला कळवा, सील तर कित्येकदा नुसता आराम करत असतो.

मऊ चिखलात उतरू नका, भरती फिरायच्या आधी काठाला या, ती पाठीमागच्या खळग्यातूनही भरत येते. पाणी चढलं की थवे उंच कोरड्या जागी गर्दी करून बसतात, तेव्हा लांबून मोजायला सोपे जातात. दुसऱ्या दिवशी तसंच बघायचं असेल तर साधारण ५० मिनिटं उशिरा निघा, भरती रोज तेवढी पुढे सरकते.