रस्त्यावर पडलेली उसाची कांडी

एसटीत एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलं, त्यातली निम्मी कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावर. आता भाचीला गाडी शिकवतोय. लायसन्स मिळालंय, क्लच-ब्रेक जमतो, पण नजर बोनेटच्या पुढं जात नाही. तिला जे सांगतो तेच इथं सांगतो.

ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पळते. समोर काहीतरी दिसलं, ते काय आहे ते कळलं, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यातच एक-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच दोन एसट्या एकामागं एक मावतील एवढा रस्ता संपलेला असतो. म्हणून पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवर डोळे खिळवू नका. तिच्याही पुढच्या वळणाकडं बघा, मग आरशात, मग परत पुढं. अंतर मोजायला माझी पद्धत अशी: पुढची गाडी एखाद्या झाडापाशी आली की सावकाश 'ज्ञानबा-तुकाराम' दोनदा म्हणायचं. ते म्हणून व्हायच्या आत आपण झाडापाशी पोचलो, तर आपण फार जवळ आहोत. पावसात चारदा म्हणा.

भाचीला मी बोलत बोलत गाडी चालवायला लावतो. "डावीकडं म्हैस, दावं कुणाच्या हातात नाही. मोटारसायकलवाल्यानं मान वळवली, आता तो उजवीकडं घुसणार. एसटी थांब्यावर उभी आहे." एसटी उभी दिसली की गाडीखालून पाय दिसतात का ते बघायचं. उतरलेला माणूस हमखास गाडीच्या पुढूनच रस्ता ओलांडतो. एक शेळी आडवी गेली की बाकीच्या यायच्याच, हे तर पोरंही सांगतील. तोंडानं बोललं की डोळे आपोआप शोधत राहतात. पहिले दोन दिवस लाजली, आता मलाच गप्प बसवते.

पण खरी शिकवण मला उसानं दिली. गळिताचा हंगाम होता, रात्रीची शेवटची फेरी, बांबवड्याच्या अलीकडं. दिव्याच्या उजेडात रस्त्यावर उसाची एक कांडी दिसली. पुढं दोन. मग चिरडलेलं, ओलं चिपाड. रस अजून वाळला नव्हता, म्हणजे गाडी नुकतीच गेलेली. ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप उचलला गेला. वळण घेतलं तर समोर ट्रॉली, एक चाक निखळून कललेली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. आठ-दहा हातांवर एसटी थांबली. मी ट्रॉली बघून ब्रेक मारला असता, तर आज हे लिहायला नसतो. रस्त्यावर काही सांडलेलं दिसलं, की ते कुणाचं आणि तो आता कुठं असेल, एवढा विचार करायचा. डांबरावर फांद्या किंवा दगड मांडलेले दिसले तर पुढं बंद पडलेला ट्रक आहे असं समजा. ट्रक निघून गेल्यावर दगड तिथंच सोडणाऱ्यांना मात्र काय म्हणावं ते मी इथं लिहीत नाही.

आंबा घाटात तीनच गोष्टी. ज्या गिअरात चढता त्याच गिअरात उतरा, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर तो तापून दगा देतो. अरुंद जागी चढणाऱ्याला वाट द्या. धुक्यात अप्पर, म्हणजे दिव्याचा लांबचा झोत, मारू नका, उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

आणि झोप. पहाटे दोन ते पाच आणि दुपारच्या जेवणानंतर ती येतेच. जांभईची वाट बघू नका, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, की झोप आली म्हणून समजा. काच उघडून, रेडिओ मोठा करून ती जात नाही, नुसती लपते. चहा प्या, पण त्याचा अंमल चढायला अर्धा तास लागतो, तोवर बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. साखरप्याच्या पुढं एकदा माझं असं झालं, तेव्हा कंडक्टरला सांगून मी भरली एसटी कडेला घेतली. प्रवासी कुरकुरले. एकजण म्हणाला, तुमची तक्रार करतो. म्हटलं, खुशाल करा, पण पंधरा मिनिटांनी.