जुना लेथ घरी आणण्यापूर्वीची तयारी

घरच्या कार्यशाळेसाठी जुना लेथ घ्यायचा असेल, तर भाव विचारण्याआधी तो उभा कोठे राहणार हे ठरवावे. तळमजल्यावरील खोली आणि काँक्रीटची भक्कम जमीन हवी. दाराची रुंदी व वाटेतील वळण टेपने मोजून कागदावर लिहून ठेवावे. कारखान्यातील लेथची मोटर बहुधा 415 व्होल्ट, थ्री फेज असते आणि घरात 230 व्होल्टचा सिंगल फेज असतो, म्हणून मोटर बदलण्याचा किंवा व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणारे उपकरण) बसवण्याचा खर्च आधीच किमतीत धरावा.

भोसरी, सातपूर किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत लेथ पाहायला जाताना मॅग्नेटिक स्टँडसह डायल इंडिकेटर (सूक्ष्म फरक काट्यावर दाखवणारे मापक), 25 ते 50 मिलिमीटरचा मायक्रोमीटर, टॉर्च, रॉकेल, चिंध्या, स्वतः धार लावलेले टूल आणि 40 मिलिमीटर व्यासाचा रॉडचा तुकडा सोबत न्यावा. नव्या रंगाला भुलू नये. रंग एका दुपारी लावता येतो, झिजलेला बेड (ज्यावर लेथचे भाग सरकतात तो लांब पाया) मात्र ग्राइंडिंगला पाठवावा लागतो आणि तो खर्च अनेकदा लेथच्या किमतीलाही मागे टाकतो.

म्हणून सर्वाधिक वेळ बेडला द्यावा. बहुतेक काम चकजवळच (तुकडा पकडून फिरवणाऱ्या भागाजवळच) होत असल्याने झीजही तेथेच जास्त असते. तो भाग रॉकेलने पुसून नखाने चाचपावा, सॅडलचा (टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाचा) लॉक तेथे किंचित आवळावा आणि सॅडल टेलस्टॉककडे (चकसमोरच्या टोकाला असलेल्या आधाराकडे) सरकवत न्यावे. ते पुढे जाऊन जड होत असेल किंवा अडकत असेल, तर चकजवळचा बेड खाल्ला गेला आहे असे समजावे. त्यानंतर स्पिंडलवर (चक फिरवणाऱ्या मुख्य दांड्यावर) डायल लावून रनआउट (फिरताना मध्यापासून होणारे हेलकावे) पाहावा आणि चकमध्ये लांब दांडा धरून तो वरखाली उचलून बेअरिंगचा ढिलेपणा तपासावा. मशीन सर्व वेगांवर, निदान दहा-पंधरा मिनिटे चालवून घ्यावे. वीज नाही म्हणून चालवून दाखवता येत नाही, असे सांगणाऱ्याकडे वीज येईल त्या दिवशी पुन्हा जावे.

रॉड चकबाहेर सुमारे 150 मिलिमीटर ठेवून, टेलस्टॉकचा आधार न देता, दोन्ही टोकांना हलका कट घ्यावा व व्यास मोजावेत. फरक आला म्हणून सौदा लगेच मोडू नये, कारण लेथ वाकड्या जमिनीवर उभा असला तरी बेडला पीळ पडून असा टेपर (निमुळतेपणा) येतो.

लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल सरकवणारा लांब स्क्रू) इंची मापाचा असेल, तर मिलिमीटरचे आटे अचूक पाडण्यासाठी 127 दात्यांचा गिअर लागतो (25.4 गुणिले 5 म्हणजे 127), तेव्हा चेंज गिअरच्या (आट्याच्या मापानुसार बदलायच्या गिअरच्या) ढिगाऱ्यातील दाते स्वतः मोजावेत. फोर जॉ चक (चार जबड्यांचा चक), फेसप्लेट (काम बांधायची तबकडी), स्टेडी (लांब कामाला आधार) हे सगळे त्याच दिवशी, पैसे देण्यापूर्वी ताब्यात घ्यावे. ‘नंतर पाठवतो’ म्हटलेली वस्तू सहसा येत नाही.

नेताना हेडस्टॉकच्या (चकच्या) बाजूला वजन जास्त असते हे हायड्रावाल्याला (क्रेनवाल्याला) आधी सांगावे, टेलस्टॉक शेवटच्या टोकाला नेऊन आवळावा, आणि दोर लीड स्क्रूवर किंवा हँडलवर येऊ देऊ नये. जागेवर बसवल्यावर स्पिरिट लेव्हलने बेड दोन्ही दिशांना समतल करावा आणि काही आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करावी.