ट्रॅकवर सेकंद कुठे जातात? अलाइनमेंटच्या या चुका टाळा

गोव्यात कायमस्वरूपी रेस ट्रॅक नाही. त्यामुळे इथल्या स्पोर्ट्स कार चोर्ला किंवा अनमोड घाट चढतात आणि सुमारे 900 किलोमीटर धावून चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर पोचतात. अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, निघण्यापूर्वी झालेली असते. पोचल्यावर ती कुणी तपासत नाही. घाटातला एक जबर खड्डा टो (वरून पाहताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप) बिघडवायला पुरतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरपं राहू लागलं तर आधी तेच बघा. ताणलेली दोरी आणि स्टीलची पट्टी एवढ्यावर पॅडॉकमध्येही, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करण्याच्या जागेतही, टो मोजता येतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते: अलाइनमेंट मशीनच्या कागदावर आकडे हिरवे आले की काम झालं असं मानणं. ती हिरवी मर्यादा कंपनीने रस्त्यासाठी ठरवलेली असते, टायर सारखे झिजावेत आणि गाडी सहज ताब्याबाहेर जाऊ नये म्हणून. ट्रॅकवर वळणात गाडी झुकते आणि बराचसा भार बाहेरच्या टायरच्या बाहेरच्या कडेवर येतो. म्हणून पुढच्या चाकांचा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणं) वाढवावा लागतो, सेमी-स्लिकवर, म्हणजे ट्रॅकसाठीच्या कमी खाचांच्या टायरवर, 2.5 ते 3 अंश, साध्या टायरवर त्याहून कमी. माप घेताना चालकाच्या वजनाइतकं ओझं सीटवर हवं आणि पेट्रोल ट्रॅकवर असेल तेवढंच. रिकाम्या गाडीचं माप ट्रॅकवर उपयोगाचं नाही.

मागच्या चाकांचा टो-इन (चाकांची पुढची टोकं किंचित आत वळलेली असणं) काढून टाकू नका. तो गेला की जोरात ब्रेक मारताना मागची बाजू हलते, मग चालक प्रत्येक वळणाला थोडा आधी ब्रेक लावतो. गाडीचा वेग तोच, तरी लॅप, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीचा वेळ, लांबतो.

गाडी फार खाली बसवणं हा माझ्या मते सर्वांत फसवा बदल आहे. मॅकफर्सन स्ट्रट या प्रकारचं सस्पेन्शन असलेल्या गाडीत खालचा आर्म (चाकाला चॅसीशी जोडणारा दांडा) चाकाकडे वर चढू लागला की रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, झपाट्याने खाली जातो. गाडी दिसते चपटी, पण वळणात झुकायची ओढ वाढते आणि कॅम्बरही हवा तसा मिळत नाही. उंची बदलली की टोही बदलतो. म्हणून क्रम पाळा: टायरची हवा, उंची, कॅम्बर आणि टो सर्वांत शेवटी.

हवेबद्दल एक खास गोष्ट. किनाऱ्यावरच्या दमट दिवसांत पंपाच्या टाकीत पाणी साचतं. ते टायरमध्ये गेलं की गरम झाल्यावर दाब अपेक्षेपेक्षा जास्त चढतो. कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरा आणि दाब पिटमध्ये (ट्रॅकवरून गाडी थांबवण्याच्या जागेत) येताक्षणी, गरम असतानाच मोजा.

त्याच वेळी टायरचं तापमान आत, मध्ये आणि बाहेर घ्या. बाहेरची कड जास्त तापली असेल तर कॅम्बर कमी पडतोय. मधला भाग तापला असेल तर हवा जास्त आहे. आतली कड थोडी जास्त गरम असणं ठीक. एका वेळी एकच बदल करा. कॅम्बर, हवा आणि डॅम्पर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) एकत्र फिरवले तर सुधारणा कशाने झाली हे कधीच कळणार नाही.

ट्रॅकसाठी पुढच्या चाकांना टो-आउट (चाकांची पुढची टोकं बाहेर वळलेली) दिला असेल, तर परतीच्या प्रवासाआधी तो काढा; टाय-रॉडवर (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्यावर) आधीच रंगाची खूण केलेली असेल तर हे काम पटकन होतं. कॅम्बर तसाच राहिला तरी चालेल. पण टो-आउट तसाच ठेवून एवढं अंतर कापलंत, तर टायरच्या आतल्या कडा घरी येईपर्यंत झिजून गेलेल्या असतील.