सामाईक डॉक्युमेंटवर इंग्रजी लेखन शिकवताना

नागपुरात पदवीच्या पहिल्या वर्षाला इंग्रजी लेखन शिकवायला लागले, तेव्हा मुलांचे निबंध गूगल डॉक्सवर घ्यायचे आणि चुका तिथल्या तिथे सुधारून द्यायच्या, एवढेच मला सुचले होते. रात्री जागून मी ते काम करत असे. आठवड्याभराने त्याच चुका नव्या निबंधात दिसत, कारण दुरुस्तीची खूणच मागे न उरल्यामुळे मुलांच्या हाती नुसता नीटनेटका मजकूर पडत होता. मग मी सजेस्टिंग मोड वापरू लागले. त्यात मूळ शब्द खोडलेला आणि नवा शब्द रंगात दिसतो, तो स्वीकारायचा की नाही हे लिहिणाऱ्याने ठरवायचे असते. पण मुले न वाचताच सगळे स्वीकारत गेली. म्हणून नव्या शिक्षकांना मी आग्रहाने सांगते, की पहिल्या खर्ड्यावर दुरुस्ती करूच नये. फक्त कमेंट लिहावी, तीही अर्थाविषयी, आणि गरज पडल्यास मराठीतून.

याचा फायदा मला संत्र्याच्या बागेवरच्या एका परिच्छेदात दिसला. चौघांच्या गटात एकाने आंबिया बहाराचे भाषांतर ‘मँगो सीझन’ असे केले. काटोलकडच्या एका मुलीने लगेच कमेंट टाकली, की हा आंब्याचा हंगाम नव्हे. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास संत्र्याला फुले येतात, म्हणून हे नाव पडले. मी फक्त एवढेच विचारले, की हे ठाऊक नसलेल्या वाचकाला कसे सांगाल? बऱ्याच खटपटीनंतर त्यांनी मूळ शब्द तसाच ठेवून त्यापुढे ‘व्हिच’ने सुरू होणारे उपवाक्य जोडले. मराठीत ‘जो’चे वाक्य बहुधा आधी येते, इंग्रजीत ते नामाच्या मागे जाते, हा फरक मी अनेकदा फळ्यावर लिहून दाखवला होता, त्या दिवशी तो त्यांना स्वतःच्या गरजेतून सापडला.

व्हर्जन हिस्ट्री, म्हणजे डॉक्युमेंटमध्ये आधी झालेल्या बदलांची नोंद, उघडली, तर तेच वाक्य चार वेळा मोडून लिहिलेले दिसले. ही सोय चोरी पकडण्यासाठी नव्हे, तर असे कष्ट पाहण्यासाठी वापरावी. एखादा परिच्छेद एकदम चिकटवलेला दिसला, तरी आधी मुलाशी बोलावे. घरी फोन एकच असल्याने त्याने तो वहीत लिहून, नंतर दुसरीकडून टाइप करून आणलेला असू शकतो.

तासाआधी प्रत्येक गटाच्या लिंकला एडिटरची परवानगी दिली आहे ना, हे तपासावे, नाहीतर अर्धा तास परवानग्या देण्यातच जातो. मुलांनी आपापल्या खात्यातून लॉगिन केलेले नसेल, तर कोणी काय लिहिले हे कळत नाही. एका डॉक्युमेंटवर एकाच वेळी 100 जण लिहू शकत असले, तरी एका परिच्छेदाला चौघांहून अधिक लेखक पेलत नाहीत.

संत्र्याच्या त्या परिच्छेदात बऱ्याच ठिकाणी ‘द’ गळलेला होता, कारण मराठीत असे उपपदच नाही. तो विषय मी पुढच्या तासासाठी राखून ठेवला.