आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार नेण्यापूर्वीची तयारी

माल उचलून पैसे बुडवणाऱ्याविरुद्ध आर्थिक गुन्हे शाखेत जायचे ठरले, की व्यापाऱ्याने आधी एका प्रश्नाचे उत्तर कागदांच्या आधारे तयार ठेवावे: समोरच्याची नियत व्यवहार ठरतानाच खोटी होती, हे कशावरून? नुसती उधारी थकली असेल तर तो दिवाणी वाद ठरतो आणि पोलीस तसे सांगून अर्ज परत करतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरण्यासाठी सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू दिसावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. व्यवहार १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल तर जुन्या दंड संहितेचे कलम ४२० लागू होते, म्हणून तारखा पहिल्यापासून अचूक असाव्यात.

हेतू दाखवण्याचे सर्वांत भक्कम साधन म्हणजे तारीखवार घटनाक्रम, आणि त्यावर दोन दिवस खर्ची पडले तरी हरकत नाही. पहिले दोन-तीन माल रोखीने घेऊन विश्वास बसवला, मग एकदम मोठी ऑर्डर उधारीवर टाकली, माल पोचताच तो पडत्या भावात दुसऱ्याला विकला, गाळा रिकामा केला आणि फोन बंद झाला, हा क्रम कागदावर उभा राहिला की तपास अधिकाऱ्याला वेगळे पटवावे लागत नाही. प्रत्येक ओळीसमोर पुरावा जोडावा: ऑर्डर, बिल, ई-वे बिल, माल मिळाल्याची सही-शिक्का असलेली बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती), खातेउतारा. बिल्टीवर सही नेमकी कोणाची आहे ते ट्रान्सपोर्टवाल्याकडून आत्ताच विचारून घ्यावे. काही महिन्यांनी त्याच्याकडे तो कागद सापडेलच असे नाही. मूळ कागद जवळ ठेवून अर्जाला प्रती जोडाव्यात.

व्हॉट्सॲपवरचे बोलणे आणि मेल केवळ छापून नेणे पुरेसे नाही. ज्या मोबाईलवर संदेश आले तो विकू नये, रीसेट करू नये. न्यायालयात अशा पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते, त्याची चौकशी वकिलाकडे सुरुवातीलाच करावी.

मेलवर खोटा खातेक्रमांक पाठवून ऑनलाइन पैसे वळवले असतील, तर मात्र यातले काहीही जमवत बसू नये. त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून बँकेलाही कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची शक्यता राहते. हा प्रकार टाळण्याचा उपाय साधा आहे: खाते बदलल्याचा मेल आला की मेलमधल्या नव्हे, आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करावी. नव्या गिऱ्हाईकाचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासायलाही काही मिनिटेच लागतात.

चेक परत आला असेल तर पोलिसांच्या भरवशावर थांबू नये. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवसांची वाट आणि त्यानंतर महिन्याभरात न्यायालयात तक्रार, हे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या (चेकसंबंधीच्या कायद्याच्या) कलम १३८ चे वेळापत्रक पोलीस चौकशीसाठी खोळंबत नाही.

तक्रार कोठे द्यायची हे रकमेवर अवलंबून असते. ही मर्यादा ठिकाणागणिक वेगळी असून बदलत राहते, त्यामुळे ती आयुक्तालयात किंवा पोलीस अधीक्षक कार्यालयात आधी विचारावी. कमी रकमेची तक्रार स्थानिक पोलीस ठाण्यातच द्यायची असते. ठेवी गोळा करून पळालेल्यांसाठी महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे आणि त्याखाली मालमत्ता जप्त करता येते, म्हणून आरोपीची माहीत असलेली घरे, गाळे, गाड्या यांची यादी अर्जासोबत द्यावी. माझ्या मते हा कागद सर्वांत कमी लोक नेतात आणि त्याचाच उपयोग फार मोठा असतो.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय निघू नये. व्यापारी व्यवहारांत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या ललिता कुमारी निकालाने दिलेली आहे, तेव्हा जबाबासाठी बोलावणे आले की त्याच घटनाक्रमाची प्रत सोबत न्यावी. पोलीस ठाण्याने नोंद नाकारलीच, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तेव्हा ती पोच आणि टपालाची पावती दोन्ही लागतात.