मंचावर जाण्यापूर्वी इलेक्ट्रिक गिटारवादकाने करायची तयारी

तयारीची सुरुवात पेडलबोर्डापासून (पायाने चालवायच्या इफेक्ट पेडलांच्या फळीपासून) नव्हे, तारांपासून करावी. नव्या तारा कार्यक्रमाच्या निदान एक दिवस आधी चढवाव्यात आणि हाताने हलकेच ताणून पुन्हा पुन्हा सुरात लावाव्यात, कारण न ताणलेली तार पहिल्या दोन-चार बेंडमध्येच (तार बोटाने आडवी ओढून स्वर चढवताना) उतरते. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसते बोट टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर जुळतात का, हे पाहावे. दाबलेला स्वर चढा निघाला तर ब्रिजवरचे सॅडल (तार जिथे टेकते तो छोटा तुकडा) मागे, म्हणजे नेकपासून दूर, सरकवावे.

यानंतर एकही पेडल न जोडता, अॅम्पच्या स्वच्छ आवाजावर सगळी गाणी एकदा वाजवून पाहावीत. पिक ब्रिजजवळ चालवला की आवाज टोकदार होतो, नेककडे सरकवला की गोल होतो. कोणत्या गाण्यात हात कुठे राहणार, हे आताच ठरवावे. पाम म्यूटिंगसाठी (तार अर्धवट दाबून आवाज बोथट करण्यासाठी) तळहाताची कड ब्रिजला लागूनच टेकवावी. ती जरा पुढे सरकली की स्वरच मरतो. बेंड करताना आधी लक्ष्यस्वर त्याच्या फ्रेटवर वाजवून ऐकावा आणि मग तार तिथवर ओढावी. मींडेचा रियाज केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारा इफेक्ट, हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर कमी करते, त्यामुळे मोकळ्या राहिलेल्या तारांची बारीकशी गुणगुणही वर येते. त्या तारा डाव्या तर्जनीच्या पोटाने आणि उजव्या तळव्याने दाबून ठेवण्याची सवय तपासावी.

पेडलांचा क्रम लावताना वाह (स्वराचा रंग पायाने बदलणारे), कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार कमी करणारे) आणि ओव्हरड्राइव्ह (सौम्य डिस्टॉर्शन) आधी, मग आवाज लहरता करणारे कोरस किंवा फेझर, आणि शेवटी स्वर मागून पुन्हा ऐकवणारा डिले व घुमारा देणारा रिव्हर्ब, हा रूढ क्रम बहुतेक वेळा पुरतो. डिले आधी ठेवला तर मूळ स्वर आणि त्याची आवर्तने एकत्रच डिस्टॉर्शनमध्ये शिरतात आणि सगळे गढूळ होते. अॅम्पचेच डिस्टॉर्शन वापरायचे असल्यास डिले याच कारणाने इफेक्ट्स लूपमध्ये (अॅम्पच्या डिस्टॉर्शननंतर पेडल जोडायच्या जागी) जोडावा. जुन्या धाटणीचा फझ (जाड, खरखरीत डिस्टॉर्शन देणारे पेडल) मात्र गिटारला थेट जोडावा. 1966 साली आलेल्या फझ फेससारख्या पेडलला गिटारचा पिकअप (तारेचे कंपन विद्युत्संकेतात बदलणारा भाग) समोर लागतो. मध्ये बफर (संकेत बळकट ठेवणारे सर्किट) असलेला ट्यूनर आला की गिटारचा व्हॉल्यूम कमी करून आवाज स्वच्छ करण्याची, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने मुरवलेली, युक्ती नीट चालत नाही. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ असेल तर मे महिन्यातल्या उघड्या मंचावर तो घरच्यासारखा वाजेल असे गृहीत धरू नये, कारण उष्णतेने त्याचा स्वभाव बदलतो.

डिलेची वेळ गाण्याच्या लयीवरून काढावी. मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत एक ठोका 500 मिलिसेकंदांचा असतो. पाऊण ठोक्याचा डिले हवा असेल तर 375 लावावे. ड्रमर क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठरावीक ठोक्यावर) वाजवणार नसेल, तर टॅप टेम्पो (पायाने ठोके देऊन डिलेची वेळ लावायचे बटण) पायाशी असलेला बरा.

खरी फसगत घरी लावलेल्या सेटिंगने होते. कमी आवाजात कानाला खर्ज आणि तीव्र भाग कमी ऐकू येतात, म्हणून माणूस ते वाढवतो आणि मधला भाग उतरवतो; बँडमध्ये तो खर्ज बेसखाली बुडतो, वरचा भाग झांजांत हरवतो आणि गिटार ऐकूच येत नाही. साउंड चेकला गेन (डिस्टॉर्शनचे प्रमाण) व रिव्हर्ब थोडे कमी आणि मिड्स (मधला भाग) थोडे जास्त ठेवावेत. ट्यूब स्क्रीमरसारखा मधला भाग उचलणारा ओव्हरड्राइव्ह सोलोला याचसाठी उपयोगी पडतो.

प्रत्येक पेडलला लागणारे व्होल्ट, मिलिअॅम्पिअर आणि प्लगची ध्रुवता अॅडॉप्टरशी जुळवून पाहावी. 9 व्होल्टच्या पेडलला 18 व्होल्ट दिल्यास ते जळू शकते. एकाच अॅडॉप्टरवरून सगळी पेडले चालवल्याने घोंघाट येत असेल, तर वेगळे आउटपुट देणारा पॉवर सप्लाय वापरावा. जादा पॅच केबल, पिक आणि तारांचा एक संच सोबत असावा, आणि साउंड चेक संपताच सगळ्या नॉबचा फोटो काढून ठेवावा.